बाटलीवरचा रुपया कोणाचा?

लहानपणी मुंबईत असताना सकाळी उठल्या उठल्या माझ्याकडे एक काम असे. आईने रात्री धुऊन पालथ्या घातलेल्या दुधाच्या दोन रिकाम्या बाटल्या आणि दुधाचं कार्ड घेऊन आरेच्या केंद्रावर रांगेत उभं राहायचं. रिकामी बाटली दिली की भरलेली मिळायची. बाटली फुटली तर तिचे पैसे भरावे लागत, आणि ते घरखर्चातून जात म्हणून आईचा धपाटा वेगळा. बाटली ही दुधाइतकीच मोलाची वस्तू आहे, हे मला शाळेत शिकवावं लागलं नाही. शीतपेयाचंही तेच. दुकानात उभं राहून प्यायचं, नाहीतर बाटलीचे पैसे अनामत ठेवून ती घरी न्यायची.

पुढे दुधाची पिशवी आली, पाण्याची प्लास्टिकची बाटली आली, पत्र्याच्या डब्यातलं पेय आलं. रिकामं परत करायचं काम उरलं नाही. खरं सांगायचं तर आम्हा बायकांना ते बरंच वाटलं. धुणं गेलं, ओझं गेलं, फुटण्याची धास्ती गेली. हे आधीच कबूल करते, कारण 'पूर्वी कसं सगळं परत जायचं' म्हणून हळहळणाऱ्यांना त्या बाटल्या रोज कोण धूत होतं याचा विसर पडतो.

आता ती अनामत परत येऊ घातली आहे. वस्तूच्या किमतीबरोबर बाटलीचे थोडे पैसे जास्त घ्यायचे आणि रिकामी बाटली आणून दिली की ते परत करायचे, इतकी ही साधी गोष्ट. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९७१ साली तसा कायदा केला. आपल्याकडे तमिळनाडूत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ साली निलगिरीतल्या सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे दहा रुपये अनामत सुरू झाली. गोवा सरकारने २०२४ साली अशी योजना अधिसूचित केली. केरळात सप्टेंबर २०२५ पासून काही सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे वीस रुपये घ्यायला सुरुवात झाली. आणि आपल्या महाराष्ट्राने तर २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतच पाण्याच्या बाटलीवर परतीची किंमत छापायला सांगितलं होतं, एक-दोन रुपयांची.

मी या योजनेच्या बाजूने आहे. पण तिच्याबद्दल जे बोललं जातं त्यात मला एक प्रश्न कुठेच दिसत नाही. तो बाईचा प्रश्न आहे, म्हणून तो आपल्या अंकात मांडते.

जर्मनीतली रांग

२०१९ साली मी लेकीकडे जर्मनीत तीन महिने राहिले. तिथे २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर पंचवीस सेंट अनामत आहे, त्या वेळच्या हिशोबाने साधारण वीस रुपये. पाणी स्वस्त आणि बाटली महाग, असा प्रकार अनेकदा व्हायचा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांची पिशवी भरत राहायची आणि शनिवारी ती दुकानात न्यायची. तिथे भिंतीत एक यंत्र. गोल भोकात बाटली आडवी ठेवायची, यंत्र ती फिरवून वरची खूण वाचतं आणि गिळतं. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते. ती गल्ल्यावर दाखवली की पैसे मिळतात.

पहिल्या दिवशी मी भारतातल्या सवयीने सगळ्या बाटल्या पायाखाली दाबून चपट्या करून नेल्या होत्या. यंत्राने एकूण एक परत फेकल्या. मागे रांग. चेपलेली चालत नाही, कागद फाटलेला चालत नाही. बिअरच्या काचेच्या बाटलीला आठ सेंट, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंचवीस, वाईनच्या बाटलीला काहीच नाही. त्या वर्षी फळांच्या रसाच्या बाटलीलाही नव्हतं. हे पाठ व्हायला मला महिना लागला. यंत्र भरलं की बंद पडायचं, मग दुकानातली मुलगी हातातलं काम टाकून धावत यायची, ते मोकळं करून पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसायची. तिच्या कामाचा कोणी हिशोब करत असेल असं वाटलं नाही.

पण फायदाही डोळ्यांनी पाहिला. शंभरातल्या नव्वदाहून जास्त बाटल्या परत येतात. नदीकाठी, बागेत, आगगाडीच्या रुळांलगत बाटली पडलेली दिसत नाही. आणखी एक गंमत पाहिली. आमच्या शनिवारच्या रांगेत पुरुष भरपूर असत. आमचा जावईही न सांगता पिशवी उचलायचा. घरातलं एखादं काम यंत्राचं आणि पैशाचं झालं की ते पुरुषांना सुचायला लागतं, हे पाहून मला हसू आलं. पुढे याच गोष्टीची काळजी वाटणार होती, हे तेव्हा कळलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी स्टेशनबाहेर एक बाई दिसल्या. वयाने माझ्याहून मोठ्या. नीटनेटका कोट, डोक्यावर टोपी, एका हातात लहानसा दिवा, दुसऱ्या हातात लांब मोजा. त्या कचऱ्याच्या डब्यात डोकावून बाटल्या काढत होत्या. मी थांबून पाहायला लागले तशी लेक म्हणाली, "आई, बघत उभी राहू नकोस. पेन्शन पुरत नाही म्हणून करतात." मुलं वाढवण्यात आणि अर्ध्या वेळच्या नोकऱ्यांत आयुष्य गेलेल्या बायकांना तिथे पुरुषांपेक्षा बरंच कमी पेन्शन मिळतं. म्हणून पुष्कळ लोक रिकामी बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी करून ठेवतात, गोळा करणाऱ्याला हात घालावा लागू नये म्हणून. चांगुलपणाच आहे हा. पण एवढ्या श्रीमंत देशात म्हातारीच्या पेन्शनची भर बाटलीने घालायची आणि आपण बाटली शेजारी ठेवून चांगलं वाटून घ्यायचं, हे माझ्या काही पचनी पडलं नाही.

तरीही एक गोष्ट तिथे पक्की होती. त्या बाईंनी आणलेल्या बाटलीचे पैसे त्यांनाच मिळत होते, पूर्ण पंचवीस सेंट. बाटली तुमची आहे का, कुठून आणली, असं यंत्र विचारत नव्हतं. चिठ्ठी दाखवली की गल्ल्यावर रोख पैसे हातात. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

आपल्याकडचं यंत्र

परत आल्यावर उत्साहाने आमच्या भागातल्या दुकानांत विचारलं, बाटली परत घेता का? २०१८ चा नियम आहे ना? एकाने ऐकलंच नव्हतं. दुसरा म्हणाला, "ताई, आम्हाला कंपनी देत नाही, आम्ही तुम्हाला कुठून देऊ? आणि ठेवू कुठे?" त्याचं दुकान सहा फुटांचं. त्याचंही चूक नव्हतं. बाटलीवर किंमत छापली म्हणजे योजना होत नाही. रिकामी बाटली कुठे ठेवायची, कोण उचलणार, दुकानदाराचे पैसे कोण भरून देणार, हे ठरलं तर योजना. आमच्या आसपास तो रुपया गल्ल्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

एका रेल्वे स्टेशनावर बाटली टाकायचं यंत्र बसवलेलं पाहिलं. दोनदा ते बंद होतं. तिसऱ्यांदा चालू होतं. मी बाटली टाकली तर त्याने मोबाइल नंबर मागितला आणि बक्षीस म्हणून कसलीशी सवलत देऊ केली. बाटली मात्र चिरडून गिळली. शेजारी पोतं घेऊन उभी असलेली एक बाई माझ्याकडे पाहत होती. ती बाटली मी तिला दिली असती तर तिची चार पैशांची कमाई झाली असती. मी ती एका यंत्राला दिली, आणि मला नको असलेली सवलत घेतली. त्या दिवशी मला माझा प्रश्न नेमका सापडला. बाटलीवरचा रुपया नेमका कोणाच्या हातात पडणार?

मावशींचा हिशोब

आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येतात त्यांना सगळे मावशी म्हणतात. वयाने माझ्याहून लहान आहेत, पण मीही मावशीच म्हणते. त्यांना मी विचारलं, बाटलीमागे दोन रुपये मिळायला लागले तर?

त्यांनी लगेच हिशोब केला. लिटरची बाटली असेल तर किलोला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. दोन रुपयांप्रमाणे ऐंशी ते शंभर रुपये झाले. "भंगारच्या दुकानात किलोला एवढे कधी नाही मिळाले, ताई." डोळे चमकले. मग एकेक शंका यायला लागली.

"पण बाटली चेपायची नाही म्हनता? मग पन्नास बाटल्यांत पोतं भरलं की. काय हवा वाहून न्यायची डोक्यावर?"

हा प्रश्न कुठल्याही तज्ज्ञाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. वेचणाऱ्या बाईच्या दृष्टीने बाटली चेपणं म्हणजे पोत्यात जागा करणं. यंत्राला मात्र सबंध बाटली हवी, वरची खूण शाबूत हवी. ओल्या कचऱ्यातून काढलेल्या बाटलीचा कागद निघालेला असतो, चिकटवलेली खूण भिजून गेलेली असते. घरात जपून ठेवलेल्या बाटलीचे पैसे मिळणार आणि उकिरड्यातून उचललेल्या बाटलीचे नाकारले जाणार. म्हणजे ज्या बाटलीसाठी जास्त कष्ट पडले तिचंच मोल शून्य.

मावशींचा पुढचा प्रश्न याहून महत्त्वाचा होता. "पैसे हातात देनार का मोबाइलवर?"

नव्या योजनांची चर्चा होते तेव्हा पैसे खात्यात जमा करण्याचीच भाषा असते. चोख, पारदर्शक. मावशींच्या घरात एकच मोठा फोन आहे, तो मुलाचा. खातं त्यांच्या नावावर आहे, पण ते फोनला जोडलेलं, आणि फोन मुलाच्या खिशात. भंगारवाला संध्याकाळी तोलून रोख पैसे हातावर ठेवतो. तो काटा मारतो, भाव पाडतो, सगळं करतो. पण त्याने दिलेले पैसे लुगड्याच्या ओच्यात बांधून त्या घरी येतात आणि वाटेतच पीठ-मीठ घेतात. घरात त्या पैशाला दुसऱ्या कोणाचा हात लागायच्या आत त्याची भाकरी झालेली असते. पैसे फोनवर गेले की कमाई तीच राहील, कदाचित वाढेलही, पण त्यातली किती त्यांच्या हातात येईल? कमावणारीच्या हातात पैसा असणं म्हणजे काय, हे आपल्या चळवळीला वेगळं समजावून सांगायला नको.

मोल वाढलं की मालक बदलतो

भाव असला की वस्तू उचलली जाते, नसला की पडून राहते. बिअरचा ॲल्युमिनियमचा डबा रस्त्यावर फारसा दिसत नाही, कारण भंगारात त्याला चांगला भाव आहे. वेफर्सचं पाकीट वर्षानुवर्षं गटारात अडकून राहतं, कारण ते कोणी घेत नाही. अनामतीमागचं तत्त्व हेच आहे आणि ते बरोबर आहे. रिकाम्या बाटलीला भाव आणा, तिची काळजी घेतली जाईल.

पण भाव आला की काय होतं, याचा अनुभव पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी पूर्वी घेतला आहे. १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी सांगून ओला-सुका कचरा वेगळा करायला लावला. वेचणाऱ्या बायकांना तो सुका माल स्वच्छ मिळावा, उकिरड्यात हात घालावा लागू नये, हा हेतू. काम जमू लागलं तसा एका उद्योजकाने त्याच भागात गाडी लावून तोच माल गोळा करायला घेतला. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला त्यांच्याच हातून माल जायची वेळ आली. बायका रस्त्यावर उतरल्या आणि गाडी मागे घ्यावी लागली. १९९३ साली डॉ. बाबा आढावांसारख्या जाणत्यांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. संघटनेच्या नावातच बाटली आणि डबा आहेत! पुढे त्यांना महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली, आणि २००८ साली 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचं काम हाती घेतलं. सुक्या मालावरचा हक्क त्यांनी भांडून मिळवला आहे. कोणी तो दान दिलेला नाही.

आता त्या सुक्या मालातली चांगली भाव असलेली वस्तू, म्हणजे स्वच्छ बाटली, घराघरातून थेट दुकानात किंवा यंत्रात जाणार. राहणार काय, तर डायपर, सॅनिटरी पॅड आणि वेफर्सची पाकिटं. आणि जी बाटली कोणी परत करणार नाही, तिच्यासाठीही स्पर्धा वाढणार. वॉचमन, सफाईचा कंत्राटदार, दुकानातला पोऱ्या, सगळ्यांचं लक्ष तिच्यावर. घाण म्हणून बाईच्या पदरात पडलेलं काम, पैसा दिसला की दुसऱ्याचं होतं. शिवाय या बायका बहुसंख्येने दलित आहेत. हे काम त्यांच्या वाट्याला कसं आलं, आणि ते त्यांच्याकडून काढून घ्यायला कोणाला संकोच का वाटत नाही, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर जातीत आहे.

आमच्या गटाच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एका मैत्रिणीने रोखठोक विचारलं, "म्हणजे या बायकांनी कायम कचराच वेचायचा का? यंत्र आलं तर सुटतीलच की!" प्रश्न योग्य आहे. मलाही वाटतं, मावशींच्या नातीने पोतं उचलू नये. पण सुटका म्हणजे काम काढून घेणं नव्हे. माल गेला तर मावशी उद्यापासून शाळेत शिकवायला जाणार नाहीत. त्या दुसऱ्या कोणाच्या तरी घरची भांडी घासतील, किंवा लांबच्या कचरा डेपोवर जातील. उकिरड्यापासून टेबलापर्यंत, पोत्यापासून केंद्रापर्यंत त्यांना आणणं ही सुटका. आणि अनामतीची योजना ही त्याची चांगली संधी आहे, म्हणूनच ती हातची जाऊ द्यायची नाही.

केरळात रिकाम्या बाटल्या परत घेण्याच्या कामात कुटुंबश्रीच्या बायकांना घेतलं आहे. दारूच्या बाटलीवरची ही योजना वाचताना माझ्या मनात चलबिचल झाली. आपल्याला बाटली म्हटलं की 'आडवी बाटली'ची मतदानंच आठवतात. नवऱ्याने प्यायची आणि बायकोने रिकामी बाटली नेऊन वीस रुपये सोडवून आणायचे, हेही घरोघर होईल. पण बाटली परत घेणं हे पगाराचं काम आहे आणि ते बायकांच्या गटांना देता येतं, एवढं तरी त्यातून दिसलं. तमिळनाडूत दुकानातल्या कामगारांनी जागा नाही, माणसं नाहीत म्हणून तक्रारी केल्या. याचाही धडा तोच आहे. परत घेणं हे काम आहे. कोणाच्या तरी रोजच्या कामात ते फुकट ढकलायचं नाही.

आपण काय मागायचं

महाराष्ट्रात ही योजना खरोखर उभी करायची असेल, तर बायकांच्या संघटनांनी आधीच काही गोष्टी मागायला हव्यात.

एक, बाटल्या परत घेण्याची केंद्रं कचरावेचकांच्या संघटनांना आणि सहकारी संस्थांना चालवायला द्यावीत. त्यासाठी वस्तीत जागा, छप्पर, पाणी आणि संडास असावा.

दोन, एकेक बाटली यंत्रात घालण्याबरोबर पोतंभर बाटल्या मोजून किंवा तोलून घेण्याची सोय हवी. चेपलेल्या, खूण गेलेल्या बाटलीलाही मोल हवं.

तीन, पैसे रोख घ्यायचे की खात्यात, हे आणणारीने ठरवावं.

चार, जी बाटली कधीच परत येत नाही तिची अनामत कोणाची? जर्मनीत ती विकणाऱ्यांकडेच राहते. आपल्याकडे ती कचरावेचकांच्या आरोग्य विम्यासाठी आणि म्हातारपणाच्या पेन्शनसाठी राखून ठेवावी. म्हणजे सत्तरीतल्या बाईला दिवा घेऊन डब्यात डोकवावं लागणार नाही.

पाच, परत घेण्याचा खर्च कंपनीने भरावा, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नव्हे.

आणि घरात? घरात बाटली कोण विसळणार, कुठे साठवणार, कोण नेऊन देणार, हेही बोलून घेऊ या. नाहीतर पर्यावरणाच्या नावाने आणखी एक काम गुपचूप बाईच्या यादीत जमा होईल. आमच्याकडे सध्या यजमान बाटल्या विसळतात आणि वेगळ्या पिशवीत भरून मावशींच्या हातात देतात. चाळीस वर्षांच्या संसारात हे बाटलीने घडवलं!

मावशींना मी हा लेख वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "सगळं बरोबर हाये. पन ताई, हे ठरवायला बसतील तेव्हा आमच्यातली एक तरी बाई तिथं असू द्या म्हनावं. पोतं कसं भरतं ते त्यांना ठाऊक नाही."

ही सहावी मागणी. खरं तर ती पहिलीच हवी होती. तुमच्या गावात बाटल्या-डबे कोण गोळा करतं, त्यांना काय मिळतं, आणि या योजनेबद्दल त्यांचं काय म्हणणं आहे, ते त्यांनाच विचारून जरूर कळवा.